कायोटी उशिरा का पडतो?

वाळवंटातून जाणारा लांबलचक रस्ता. धुळीचा लोट उडवत एक पक्षी त्यावरून धावतोय. त्याच्या मागे हडकलेला, भुकेला, कोल्ह्यासारखा एक प्राणी. कड्यापाशी रस्ता वळतो. पक्षी वळतो, मागच्याला मात्र वळणं जमत नाही. तो तसाच कड्याबाहेर जातो आणि हवेत थांबतो. पायाखाली काही लागतं का ते चाचपून बघतो. मग मान वळवून आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे, केविलवाण्या नजरेनं बघतो. आणि त्यानंतर पडतो. खूप खोल दरीत धुळीचा एक बारीकसा ठिपका उठतो.

रोड रनर आणि वायली ई. कायोटी या जोडीचं हे दृश्य कोणत्या ना कोणत्या रूपात बहुतेक सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते बघून मुलं खळखळून हसतात. शेजारी बसलेले आजोबाही हसतात.

विज्ञानाच्या शिक्षकाला यावर सहसा दोन गोष्टी सुचतात. पहिली म्हणजे, यात चुकीचं विज्ञान आहे, मुलांच्या मनात भलत्या कल्पना बसतील, तेव्हा हे न बघितलेलंच बरं. दुसरी त्याहून जरा उदार. हे वर्गात दाखवावं आणि मुलांना यातल्या चुका शोधायला सांगाव्यात. पहिल्या सूचनेत या चित्रपटांवर अन्याय होतो. दुसरीत मुलांना फारसं काही मिळत नाही, कारण 'माणूस हवेत लटकू शकत नाही' ही चूक शोधायला शाळेत यावं लागत नाही. ते मुलांना आधीच ठाऊक असतं. म्हणून तर ती हसतात!

या लेखात एक तिसरी गोष्ट सुचवायची आहे. या कार्टूनमध्ये मुलं कुठे हसतात आणि कुठे हसत नाहीत, याकडे नीट लक्ष द्यावं. हसू आलं, तर तिथला निसर्गाचा नियम प्रेक्षकाला ठाऊक आहे असं समजावं. नियम मोडलेला असूनही हसू आलं नाही, तर तिथे शिकवायला जागा आहे.

नियम मोडण्याचे नियम

आधी या चित्रपटांविषयी थोडं. या जोडीचा पहिला लघुचित्रपट 'फास्ट अँड फरी-अस' १९४९ साली वॉर्नर ब्रदर्सनं प्रदर्शित केला. दिग्दर्शक होते चक जोन्स आणि कथा होती मायकेल माल्टीज यांची. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवायचे हे सहा-सात मिनिटांचे चित्रपट. सगळं काम हातानं. एका सेकंदाला चोवीस चौकटी. कायोटीच्या स्वभावाची कल्पना जोन्स यांना मार्क ट्वेन यांच्या 'रफिंग इट' या १८७२ सालच्या प्रवासवर्णनातून मिळाली. त्यात ट्वेन यांनी या सदा उपाशी प्राण्याचं वर्णन केलेलं आहे. रोड रनरचा तो प्रसिद्ध 'बीप बीप' आवाज पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार पॉल ज्युलियन यांचा. स्टुडिओच्या बोळातून जाताना वाटेतल्या लोकांनी बाजूला व्हावं म्हणून ते तोंडानं तसा आवाज काढत असत.

या मालिकेत कोणती पथ्यं पाळली जात, ते जोन्स यांनी पुढे सांगितलं. रोड रनर कायोटीला कधी मारत नाही, फार तर 'बीप बीप' करून दचकवतो. कायोटीला इजा होते ती त्याच्या स्वतःच्या गबाळेपणामुळे, नाहीतर 'ॲक्मे' कंपनीकडून मागवलेल्या वस्तू बिघडल्यामुळे. कथा वाळवंटाबाहेर जात नाही. कायोटी कधीही हा पाठलाग सोडून देऊ शकतो, त्याला कोणी अडवलेलं नाही. आणि शक्य तिथे गुरुत्वाकर्षण हाच त्याचा सगळ्यात मोठा शत्रू असतो.

हे शेवटचं पथ्य विज्ञानाच्या शिक्षकानं नीट वाचावं. आपण म्हणतो, या चित्रपटांत गुरुत्वाकर्षणाला किंमत नाही. प्रत्यक्षात तिथे गुरुत्वाकर्षण हे एक पात्रच आहे. ते कधी सुट्टी घेत नाही, कोणाची गय करत नाही. फक्त कायोटीला आपली अवस्था कळेपर्यंत तेवढं थांबतं. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ओडॉनेल यांनी १९८० साली 'एस्क्वायर' मासिकात कार्टूनमधल्या गतीचे नियम गमतीनं मांडले. त्यांतला पहिलाच नियम हा होता: अधांतरी असलेल्या वस्तूला आपण अधांतरी आहोत याची जाणीव होईपर्यंत ती तिथेच राहते.

ही जाणीव होण्याचा क्षण हीच जोन्स यांची खरी कमाई. कायोटीचं ते बघणं काढून टाका, विनोद उरणार नाही. खाली दरी आहे हे आपल्याला त्याच्याआधी कळलेलं असतं. नियम आपल्याला माहीत आहे आणि त्याला तो आत्ता आठवतोय, या दोन्हींमधल्या अंतरात हसू आहे.

जिथे कोणी हसत नाही

आता तेच दृश्य पुन्हा बघू. कायोटी कड्याबाहेर जातो, थांबतो आणि मग सरळ खाली पडतो. यात निसर्गाचा नियम दोनदा मोडला आहे. तो हवेत लटकला ही पहिली वेळ. तिथे सगळे हसले. दुसरी वेळ कोणती?

कायोटी जोरात पळत होता. कड्याबाहेर गेल्यावर त्याला मागे ओढणारं काही नव्हतं, फार तर हवेचा थोडा विरोध. मग त्याचं पुढे जाणं का थांबलं? आणि पडताना तो कड्याला समांतर, अगदी ओळंब्यात सोडल्यासारखा सरळ खाली कसा गेला? न्यूटनचा पहिला नियम सांगतो की बाहेरून बल लागल्याशिवाय गती बदलत नाही. कायोटीची आडवी गती मात्र कोणीही न ओढता नाहीशी झाली. यावर कोणी हसत नाही, कारण ते कोणाला खटकतच नाही. 'पुढे जायचा जोर संपला, म्हणून आता खाली आला,' असं आपलं मन गुपचूप समजावून घेतं.

ही समजूत कार्टूननं निर्माण केलेली नाही. ती फार जुनी आहे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ बुरिदाँ या विद्वानानं मांडलं होतं की फेकणारा वस्तूमध्ये एक जोर भरतो आणि त्या जोरावर वस्तू पुढे जाते. १५६१ साली डॅनिएल सँटबेख यांच्या ग्रंथात तोफगोळ्याच्या वाटेचं एक चित्र छापलं गेलं. त्यात गोळा तोफेतून सरळ रेषेत तिरपा वर जातो आणि एका जागी पोहोचल्यावर एकदम काटकोनी भिंतीसारखा सरळ खाली येतो. तोफगोळ्याच्या जागी कायोटी बसवला, तर जोन्स यांच्याच चित्रपटातली चौकट वाटावी! पुढे गॅलिलिओनं उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्या टेबलाबाहेर सोडून त्यांची वाट मोजली, आणि ती वाट म्हणजे अन्वस्त आहे हे १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवलं. आडवी गती आणि पडण्याची गती या दोन्ही एकाच वेळी, एकमेकींच्या वाटेत न येता चालू असतात.

गॅलिलिओनंतर सगळ्यांचं समाधान झालं असेल असं वाटतं, पण तसं झालं नाही. १९८३ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल मॅक्लॉस्की यांनी 'स्वाभाविक' भौतिकशास्त्राविषयी लेख लिहिला. कड्यावरून वेगात सुटलेला चेंडू कसा जाईल, चालत्या माणसानं हातातला चेंडू सोडला तर तो कुठे पडेल, असे प्रश्न त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना विचारले होते. चालत्या माणसाच्या हातातला चेंडू सरळ खाली पडेल असं अनेकांनी सांगितलं. कड्याच्या प्रश्नात काही जणांनी चेंडू आधी थोडा आडवा आणि मग खाली जाताना दाखवला. यांतल्या काहींनी भौतिकशास्त्र शिकलेलंही होतं. म्हणजे बुरिदाँचा तो 'जोर' विसाव्या शतकातही शाबूत होता. तो आपल्या वर्गातही असणारच.

इथे कार्टूनचा उपयोग आहे. दृश्य कायोटी कड्याच्या टोकाशी येईपर्यंत दाखवा आणि थांबवा. 'खरा प्राणी असता तर तो कुठल्या वाटेनं गेला असता, ते वहीत काढा,' असं सांगा. चित्रं गोळा करा, शेरा मारू नका. मग टेबलावर एक पट्टी उतरती धरून तिच्यावरून गोटी सोडा. ती काठावरून सुटून जमिनीवर कुठे पडेल तिथे मुलांना आधी खडूनं खूण करू दे. जमिनीवर कार्बन पेपर ठेवला तर गोटी पडल्याची जागा उमटते. बहुतेक खुणा टेबलाच्या फार जवळ आहेत, असं तुम्हाला आढळण्याचा संभव आहे. साधारण पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून पडायला गोटीला सुमारे ०.३९ सेकंद लागतात. ती सेकंदाला एक मीटर वेगानं सुटली, तर काठापासून ३९ सेंटिमीटरवर पडते. ही गोटी सुटते त्याच क्षणी तिच्या शेजारी दुसरी गोटी नुसती खाली सोडली, तर दोघींचा टक् आवाज एकदमच येतो. हे ऐकल्यावर मुलांना कायोटीकडे परत आणा. आता त्यांतली काही जण दुसऱ्या जागीही हसतील.

बत्तीस चौकटींची दरी

न खटकणारी आणखी एक गोष्ट वेळेची. कायोटी पडतो ते दृश्य अनेकदा वरून दिसतं. तो लहान लहान होत दिसेनासा होतो, क्षणभर शांतता, आणि मग धुळीचा ठिपका. जोन्स यांनी आपल्या आठवणींत याचं मापच दिलं आहे. कायोटी दूर जाऊन दिसेनासा व्हायला अठरा चौकटी, आणि त्यानंतर चौदा चौकटींनी तो खाली आदळतो. एक-दोन चौकटींचा फरक पडला तरी विनोद साधत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

आपण हिशोब करू. अठरा आणि चौदा मिळून बत्तीस चौकटी. सेकंदाला चोवीस, म्हणजे हा वेळ झाला सुमारे १.३३ सेकंद. पडलेलं अंतर म्हणजे ९.८ ची निम्मी गुणिले वेळेचा वर्ग. उत्तर येतं जेमतेम ८.७ मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढं! चित्रातली दरी तर शेकडो मीटर खोल वाटते. ती ३०० मीटर धरली आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर खाली पोहोचायला ७.८ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटर वेगानं सुटलेला प्राणी पुढेही सुमारे १३० मीटर गेला असता. धुळीचा ठिपका कड्याच्या पायथ्याशी दिसलाच नसता. तो मैदानात कुठेतरी लांब उठला असता. आणि आदळल्याचा आवाज कड्यावर उभ्या असलेल्याला ठिपका दिसल्यानंतर जवळजवळ एका सेकंदानं ऐकू आला असता, कारण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो.

ही जोन्स यांची चूक नव्हे. ७.८ सेकंद पडणारा कायोटी बघवला नसता, प्रेक्षक मधेच जांभई देतील. कलेला लागणारा वेळ आणि निसर्गाला लागणारा वेळ वेगळे असतात, आणि कलावंतानं आपला वेळ चौकटी मोजून निवडला होता. मोजण्याची ही शिस्त प्रयोगशाळेतल्या शिस्तीपेक्षा कमी नाही. पण सव्वा सेकंदात एवढी दरी पार झाली हे आपल्याला खटकलं नाही, याचा अर्थ पडायला किती वेळ लागतो याचा अंदाज आपल्यापाशी नाही. घड्याळ असलेल्या मोबाईलवर मुलांनी हे दृश्य मोजलं आणि वर्गात उलटा हिशोब करून दरीची खोली काढली, तर पाठ्यपुस्तकातलं समीकरण प्रथमच कशाला तरी उपयोगी पडेल.

ॲक्मेचे दगड आणि कायोटीचे प्रयोग

'स्क्रँबल्ड एक्स' या १९५७ सालच्या चित्रपटात कायोटी ॲक्मेकडून निर्जल केलेले दगड मागवतो. पाण्याचा थेंब टाकला की चिमुकल्या खड्याचा प्रचंड धोंडा होतो. तो धोंडा अर्थातच कायोटीवरच येतो. इथे लहान मुलंही हसतात. थेंबभर पाण्यातून एवढं वजन येणार कुठून, ही शंका त्यांना जाणवलेली असते. वस्तुमानाची अक्षय्यता हा शब्द त्यांना माहीत नसेल, पण भिजवलेले हरभरे त्यांनी घरी पाहिलेले असतात. हरभरे फुगतात ते प्यायलेल्या पाण्याइतकेच जड होतात. आदल्या रात्री वजन करून हरभरे भिजवले आणि उरलेलं पाणी मोजलं, तर विनोदाचा पुरावा वर्गात हजर होतो.

'टू बीप ऑर नॉट टू बीप' (१९६३) हा तर प्रयोगपद्धतीवरचा धडाच आहे. कायोटीनं दगड फेकणारं एक भलं मोठं यंत्र आणलं आहे. दोरी ओढली की दगड पुढे जाण्याऐवजी त्याच्याच डोक्यावर पडतो. पुढच्या वेळी तो दुसऱ्या जागी उभा राहतो. दगड तिथे पडतो. मग तो तिसरी जागा धरतो, चौथी धरतो. दगड त्याला प्रत्येक ठिकाणी शोधून काढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे प्रयोगाचं तत्त्व कायोटीला पक्कं ठाऊक आहे. पण तो दर वेळी फक्त स्वतःची जागा बदलतो आणि यंत्राकडे संशयानं बघत नाही. शेवटी आपल्याला कळतं की यंत्र रोड रनरच्याच कंपनीनं बनवलेलं होतं! दर वेळी हसू वाढत जातं, कारण दर वेळी आपण अंदाज बांधतो आणि तो खरा ठरतो. अंदाज बांधणारा प्रेक्षक हा अर्धा वैज्ञानिक झालेलाच असतो.

'हॉपअलाँग कॅज्युअल्टी' (१९६०) मध्ये भूकंपाच्या गोळ्या आहेत. दाण्यांबरोबर त्या खाऊनही रोड रनरला काही होत नाही. गोळ्या नकली आहेत असं समजून कायोटी स्वतः त्या खातो आणि मग त्याला बाटलीवरची बारीक अक्षरं दिसतात: रोड रनरवर परिणाम होत नाही. एका प्राण्यावर जे घडलं तेच दुसऱ्यावर घडेल असं धरून चालणं किती महागात पडतं, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

खरा रोड रनर, खरा कायोटी

या चित्रपटांतली सर्वांत मोठी उलटापालट मात्र भौतिकशास्त्रातली नाही, जीवशास्त्रातली आहे. आणि तिथे तर कोणीच हसत नाही.

रोड रनर हा खरा पक्षी आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोत तो राहतो. शास्त्रीय नाव जिओकॉक्सिक्स कॅलिफोर्नियानस. तो कोकिळेच्या कुळातला. याच कुळातला आपल्याकडचा भारद्वाज तुम्ही कुंपणाखाली चालताना पाहिला असेल. दोघंही जमिनीवर भक्ष्य शोधतात, दोघांच्याही पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, आणि कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी न घालता दोघंही स्वतःचं घरटं बांधतात. रोड रनर स्वतः पक्का शिकारी आहे. सरडे, विंचू, किडे आणि लहान सापही तो खातो. वजन फार तर अर्धा किलो. धावण्याचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर.

कायोटी, शास्त्रीय नाव कॅनिस लॅट्रान्स, हा आपल्या कोल्ह्याच्याच प्रजातीतला प्राणी. थोडं अंतर तो ताशी ६० किलोमीटरच्या आसपास धावू शकतो. म्हणजे सपाट रस्त्यावर शर्यत लावली तर निकाल पहिल्या मिनिटातच लागेल, आणि पक्ष्याला वाचायचं असेल तर त्याला झुडपात शिरावं लागेल, नाहीतर उडावं लागेल.

पण खरा कायोटी अशी शर्यत लावतच नाही. उंदीर, ससे, किडे, फळं, मेलेली जनावरं, जे मिळेल ते तो खातो. एक पक्षी निसटला तर तो दुसरीकडे वळतो. रिचर्ड डॉकिन्स आणि जॉन क्रेब्ज यांनी १९७९ साली शिकारी आणि भक्ष्य यांच्या उत्क्रांतीतल्या चढाओढीवर लिहिताना एक जुना मुद्दा नेमका केला. ससा कोल्ह्यापेक्षा जोरात पळतो, कारण ससा जिवासाठी पळत असतो आणि कोल्हा नुसत्या जेवणासाठी. हरण्याची किंमत दोघांना सारखी नसते. म्हणून शिकारी लवकर पाठलाग सोडतो. बहुतेक पाठलाग फसतात, आणि फसलेला पाठलाग वेळीच सोडणं हेही शिकाऱ्याचं कौशल्यच असतं.

वायली कायोटीनं नेमका हा हिशोब उलटा केला आहे. त्याचं जेवण अर्ध्या किलोचं, आणि त्यासाठी तो रॉकेट, स्प्रिंग, लोहचुंबक काय वाटेल ते मागवतो. रोड रनर मात्र मजेत दाणे टिपतोय. जेवणासाठी जीव पणाला लावणारा शिकारी आणि जिवाची पर्वा नसलेलं भक्ष्य! 'तो कधीही थांबू शकतो' या जोन्स यांच्या पथ्याचा अर्थ इथे लागतो. प्राणी थांबला असता. न थांबणारा हा प्राणी नव्हे, ते माणसाचं चित्र आहे. हे मुलांना सांगायला हवं, नाहीतर कोल्हा म्हणजे मूर्ख आणि दुष्ट, आणि शिकार म्हणजे खोडी, ही समजूत ती चित्रपटाबाहेरही घेऊन जातील.

पहिल्या चित्रपटात दोन्ही पात्रांखाली खोटी लॅटिन नावं येतात, अर्थ साधारण 'अफाट वेगवान' आणि 'सामान्य मांसभक्षक'. तिथे मुलं हसत नाहीत, जीवशास्त्राचे शिक्षक हसतात. हसायला आधी माहिती लागते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

हसू फसवतं तेव्हा

हसू म्हणजे समज, हे सूत्र सगळीकडे चालत नाही हेही सांगायला हवं. पाच वर्षांचं मूल कायोटीच्या नुसत्या चेहऱ्यावर हसत असेल. म्हणून 'कशाला हसलास?' हे विचारावंच लागतं.

आणि एक जागा तर काळजीचीच आहे. दरीत पडलेला, स्फोटात काळा झालेला कायोटी पुढच्या दृश्यात ठणठणीत असतो. जोन्स यांच्याच 'रॅबिट सीझनिंग' (१९५२) मध्ये शिकारी एल्मर फड बंदूक झाडतो आणि बदकाची चोच डोक्याभोवती फिरून भलतीकडे जाते. बदक ती जागेवर बसवून पुन्हा भांडायला लागतं. तिथली खरी गंमत सर्वनामांच्या घोळात आहे. 'मला' आणि 'तुला' यांची अदलाबदल करून ससा बदकाकडूनच गोळी मागवून घेतो. मोठ्यांना बंदूक म्हणजे काय ते ठाऊक असतं. लहान मुलाला ते ठाऊक असेलच असं नाही. अल्बर्ट बँडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना बाहुलीला मारणारा माणूस प्रत्यक्ष, काहींना चित्रफितीत, आणि काहींना मांजराच्या वेषात, कार्टूनसारख्या देखाव्यात दाखवला. असं काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा या सगळ्याच मुलांनी नंतर जास्त मारझोड केली. प्रयोगातलं हे थोड्या वेळापुरतं अनुकरण होतं, त्यावरून मुलं आयुष्यभरासाठी बिघडतात असं म्हणता येत नाही. पण ज्या दुखापतीचा परिणाम दिसत नाही ती मुलाला खटकतही नाही, एवढं लक्षात ठेवायला हवं.

या बाबतीत सगळे पाठलाग सारखे नाहीत. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात केलेल्या टॉम आणि जेरीच्या चित्रपटांना सात ऑस्कर मिळाले आणि त्यांची लय अप्रतिम आहे. पण तिथे जेरी स्वतः हातोडा उचलतो. रोड रनर कधीच उचलत नाही. कायोटीवर जे येतं ते त्यानंच सुरू केलेलं असतं, आणि निसर्ग फक्त आपलं काम करतो. म्हणून कारण आणि परिणाम शिकवायला कायोटी अधिक उपयोगी.

पथ्यं सुटली की काय होतं तेही बघण्यासारखं आहे. जोन्स वॉर्नरमधून बाहेर पडल्यावर १९६५-६६ मध्ये रूडी लारिव्हा यांच्या दिग्दर्शनाखाली याच जोडीचे अकरा चित्रपट निघाले. पैसा कमी, हालचालीची चित्रं कमी, संगीताचे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा. पात्रं तीच, दरी तीच, पण पडण्याआधीचं ते थांबणं सैल झालं. नियम कधी लागू होणार याची वाट बघावीशी वाटत नाही, आणि मग तो मोडला काय किंवा पाळला काय, फरक पडत नाही. हे चित्रपट विज्ञानात आधीच्यांपेक्षा जास्त चुकीचे नाहीत. विनोदात मात्र ते खूपच फिके आहेत.

भारतात १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी सुरू झाली आणि असे पाठलाग घराघरात आले. आता ते मुलांच्या हातातल्या मोबाईलवर केव्हाही दिसतात. 'बघू नका' म्हणण्याची सोय राहिलेली नाही, आणि तशी गरजही नाही. एक सहा मिनिटांचा चित्रपट निवडा. आधी स्वतः एकदा नुसते हसत बघा. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बघा आणि नियम मोडलेली प्रत्येक जागा टिपून ठेवा. मग मुलांबरोबर बघा, पण पडद्याकडे पाठ करून, मुलांच्या चेहऱ्यांकडे. तुमच्या यादीतल्या ज्या जागांवर वर्ग शांत राहील, त्यांतली एक निवडा आणि पुढचा तास तिथून सुरू करा.